नदीकाठी मुलांना घेऊन मुक्काम: ठाणे-नवी मुंबईकरांनी कॅम्पची जागा कशी निवडावी

कॅम्पच्या जाहिरातीतली नदी नेहमी डिसेंबरातली असते. गुडघाभर पाणी, गोल गुळगुळीत दगड, काठावर करंजाची सावली. तीच नदी जुलैत कुठपर्यंत चढते आणि एप्रिलात उरते तरी का, हे फोटोत दिसत नाही. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी नदी निवडायची, मग जमीन, मग संडास आणि पाणी, आणि तंबू सगळ्यात शेवटी. बुकिंग करताना बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा लावतात: आधी तंबूचा रंग आणि झिरमिळ्या दिव्यांच्या माळा, आणि नदी थेट पोहोचल्यावर.

कुठली नदी

ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून दोन-अडीच तासांत गाठता येतील अशी चार खोरी आहेत, आणि चारांचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिलं कर्जत-नेरळचं, म्हणजे उल्हास आणि तिला मिळणाऱ्या पेज, चिल्लार या नद्यांचं. सगळ्यात जास्त कॅम्प इथेच आहेत, कारण लोकल जवळ आणि पाणी बारमाही. दुसरं मुरबाडचं, काळू आणि शाई नद्यांचं, माळशेजच्या पायथ्यापर्यंत. झाडी दाट आणि गर्दी कमी, पण वरच्या भागात फेब्रुवारीनंतर नदी डोहांपुरतीच उरते. तिसरं शहापूरचं, भातसा आणि तानसाचं. हे धरणांचं आणि राखीव जंगलाचं क्षेत्र आहे, त्यामुळे तंबू कुठे लावता येतो यावर बंधनं आहेत. चौथं पनवेलचं, गाढी नदीचं, माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याशी. नवी मुंबईकरांना हे सगळ्यात सोयीचं, पण नदी लहान आहे, डोंगरातला पाऊस तासाभरात खाली येतो.

नदी ठरली की ती शहराच्या वर की खाली, हे बघा. उल्हास कर्जतच्या वरच्या बाजूला पोहण्याजोगी दिसते. बदलापूर-अंबरनाथ ओलांडून कल्याणकडे येईपर्यंत तिच्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि मोहने-रायते पट्ट्यात उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. पाताळगंगा रसायनीच्या खाली आणि कासाडी तळोजा औद्योगिक वसाहतीच्या खाली, या दोन्ही ठिकाणी मुलांना पाण्यात उतरवायचा विचारच नको. नियम सोपा आहे: कॅम्पच्या वरच्या अंगाला एमआयडीसी, मोठं गाव किंवा कोंबड्यांचे मोठे पोल्ट्री फार्म असतील तर ती नदी बघायची, डुंबायची नाही.

पाऊस नसताना वाढणारं पाणी

ही बाब जरा सविस्तर सांगायला हवी, कारण अनेक पालकांना ती माहीतच नसते.

भर एप्रिलात पेज नदी वाहते कशी? भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी पाइपांतून खाली येतं, वीज तयार करतं आणि मग पेज नदीत सोडलं जातं. म्हणजे नदीची पातळी पावसावर नाही, विजेच्या मागणीवर ठरते. केंद्र बंद असताना मुलं जिथे दगडावर बसून पाय सोडतात, तिथे संच चालू झाल्यावर पाणी चढतं आणि प्रवाहाला ओढ येते. खोपोलीच्या केंद्राचं पाणी पाताळगंगेत, भिऱ्याचं कुंडलिकेत, गणित तेच. कोलाडचं राफ्टिंग या सोडलेल्या पाण्यावरच चालतं, यावरून त्याचा जोर किती असेल ते लक्षात यावं.

म्हणून कॅम्पवाल्याला पहिला प्रश्न: "नदीला पाणी कुठून येतं, आणि सुटायची वेळ काय?" रोज पाणी बघणारा माणूस लगेच उत्तर देतो. "पाणी बारमाही आहे, काळजी नको" एवढंच ऐकू आलं तर समोरच्याला एकतर माहीत नाही किंवा सांगायचं नाही. पातळी रोज वर-खाली होणाऱ्या नदीत मुलांना फक्त कॅम्पचा जाणता माणूस काठावर उभा असताना उतरवा. पाण्याच्या कडेला एका दगडावर खडूने किंवा कोळशाने रेघ मारून ठेवा. रेघ बुडली की सगळे बाहेर, टॉवेल-चप्पल मागाहून.

धरणाखालच्या जागांचं प्रकरण वेगळं. बारवीला स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण पूर्ण भरलं की ते आपोआप उघडतात. भातसाचे दरवाजे उघडण्याआधी काठावरच्या गावांना इशारा दिला जातो, पण तो गावाला पोहोचतो, तंबूत झोपलेल्या पाहुण्याला नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात, धरणं काठोकाठ असताना, बारवी आणि भातसाच्या खालच्या काठावर मुक्काम नकोच.

मधल्या बंधाऱ्यांचंही भान ठेवा. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांना गावात केटी म्हणतात, त्यांच्यात पावसाळा सरल्यावर फळ्या बसवून पाणी अडवतात. वरच्या बाजूला संथ, खोल, फसवं पाणी; खालच्या बाजूला पडणाऱ्या धारेखाली भोवरा, जो माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतो. बंधाऱ्याला लागून असलेली कॅम्पची जागा फोटोत देखणी असते. मुलं असतील तर ती यादीतून काढा.

घरबसल्या नदी बघायची रीत

कॅम्पचं लोकेशन मागवा. देत नसतील तर तिथेच थांबा. लोकेशन मिळालं की मोबाइलवर उपग्रहाचं चित्र लावा आणि हे बघा:

नदीपात्रातला पांढरट दगडगोट्यांचा पट्टा किती रुंद आहे? आजचं पाणी कदाचित पंधरा फूट रुंद असेल, पण गोट्यांचा पट्टा शंभर फूट असेल तर पुरातली नदी शंभर फुटांची आहे. तंबू त्या पट्ट्यात किंवा त्याला चिकटून दिसले की नकार.

कॅम्प नदीच्या वळणावर असेल तर कुठल्या बाजूला? वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी आपटतं, काठ खालून पोखरला जातो आणि वरची माती अचानक ढासळते. त्याच बाजूला पाणीही खोल असतं. आतल्या बाजूला वाळू-गोटे साचून उथळ उतार तयार होतो, मुलांना उतरायला तोच बरा.

कॅम्प आणि गाव यांच्या मध्ये ओढा आहे का? हे सगळ्यात महत्त्वाचं. समोर नदी आणि पाठीमागे ओढा अशी चिंचोळी जागा पावसात बेट होते. रस्ता ओढ्यावरच्या फरशी पुलावरून जात असेल तर रात्रीच्या एका सरीनंतर गाडी बाहेर निघत नाही.

संगणकावर गूगल अर्थ उघडलं तर मागच्या वर्षांची चित्रंही दिसतात. ऑक्टोबरचं एक आणि एप्रिलचं एक लावून बघा. पाणी कुठवर असतं आणि कधी आटतं, हे पाच मिनिटांत कळतं, कॅम्पवाल्याला विचारायचीसुद्धा गरज नाही.

काठ किती उंच हवा

हिवाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून तंबूची जमीन निदान १२ ते १५ फूट वर हवी, आणि नदीपासून आडवं अंतर शंभर पावलं तरी. आकडा लवचीक आहे. अरुंद खोऱ्यात जास्त लागतो, रुंद पसरट खोऱ्यात कमी चालतो. नेमकं उत्तर झाडं देतात. काठावरच्या करंजाच्या, उंबराच्या, वाळुंजाच्या फांद्यांत अडकलेलं गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, फाटक्या साड्यांचे तुकडे किती उंचीवर आहेत ते बघा. गेल्या पावसाळ्यात पाणी तिथवर आलं होतं. खोडावरची वाळलेल्या गाळाची फिकट रेघही तेच सांगते. ही खूण तंबूच्या जमिनीपेक्षा वर दिसली तर ती जागा फक्त कोरड्या महिन्यांची, आणि तेव्हाही वर धरण नसेल तरच.

जाळं टाकणारे किंवा गुरं चारणारे लोक भेटले तर त्यांना विचारा: "पाणी कुठपर्यंत चढतं?" कॅम्पच्या व्यवस्थापकापेक्षा पाड्यावरच्या म्हाताऱ्याचं उत्तर जास्त भरवशाचं.

उल्हासचा पूर किती झपाट्याने येतो याची आठवण द्यायला २७ जुलै २०१९ पुरे आहे. बदलापूर-वांगणीदरम्यान रुळांवर पाणी आलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराच्या आसपास प्रवाशांसह अडकली, त्यांना बोटींनी काढावं लागलं. रेल्वेचा भराव जिथे बुडतो तिथे काठावरचं भातखाचर काय टिकणार?

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ कुटुंबासाठी सगळ्यात चांगला. परतीचा पाऊस संपलेला असतो, नदीला पाणी असतं, डास आणि साप दोन्ही कमी. डिसेंबर-जानेवारीत कर्जत-बदलापूर पट्ट्यात पहाटे चांगलीच थंडी पडते, कारण रात्री डोंगरावरची गार हवा उतरून नदीच्या खोलगटात साचते. ठाण्यात पंखा लावून झोपलेल्या माणसाला ही थंडी खरी वाटत नाही. लहान मुलांना टोपी, मोजे आणि माणशी एक जाड पांघरूण. कॅम्पवाले "ब्लँकेट देतो" म्हणतात तेव्हा माणशी एक की तंबूमागे एक, ते विचारा.

मार्च-एप्रिलात फक्त बारमाही नदी, आणि दुपारची सावली असेल तरच. मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यांत काजवे बघायला जातात. तेव्हा वळवाच्या सरी आणि विजा अचानक येतात, म्हणून तंबू नको, पक्क्या छपराची खोली घ्या. विजांच्या सूचनेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा. जुलै ते सप्टेंबर नदीखोऱ्यात तंबू नाही, मुलं असोत वा नसोत. ठाणे आणि रायगडचे जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि नदीकाठांवर जमायला मनाई करणारे आदेश काढतात. "आमच्याकडे चालतं" म्हणणारा कॅम्प तो आदेश मोडूनच चालत असतो.

एक बारकावा. हवामान बघताना कर्जतचा किंवा मुरबाडचा अंदाज बघून थांबू नका, पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्याचाही बघा. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, आणि नदीतलं पाणी वर घाटात पडलेलं असतं. घाटाला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर खालचा बेत रद्द.

जमीन आणि झाडं

या भागातले बरेच कॅम्प भात कापणीनंतर खाचरात उभे राहतात. सपाट जमीन आयती मिळते, म्हणून. पण खाचराचं कामच पाणी धरून ठेवणं. चार बांधांच्या मध्ये अवकाळी पाऊस पडला तर पाणी बाहेर जात नाही, दव जास्त पडतं, आणि कापलेल्या भाताचे टोकदार धसकट तंबूचा तळ फाडतात. गुरं चरून गेलेली असतील तर गोचीडही असतात. मुरमाड, किंचित उताराची, एखाद हात उंचावलेली जमीन केव्हाही चांगली. लाकडी किंवा सिमेंटच्या चौथऱ्यावर तंबू असतील तर उत्तम.

पूर्वेकडून सकाळचं ऊन येतं का ते बघा. नेरळ-कर्जत खोऱ्याच्या पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला माथेरानची रांग, त्यामुळे ऊन उशिरा येतं आणि संध्याकाळ लवकर होते. पूर्वेकडे झाडांची भिंत असेल तर दवाने भिजलेले तंबू दहा वाजेपर्यंत वाळत नाहीत, आणि ओल्या अंथरुणातलं मूल चिडचिड करतं.

झाड हवं, पण थेट डोक्यावर नको. वाळलेल्या फांद्या, पोकळ खोड, पांगारा-सावरीसारखी ठिसूळ लाकडाची मोठी झाडं यांच्याखाली तंबू लावलेला असेल तर हलवायला सांगा. वर मान करून आग्या मोहोळही शोधा: उंच झाडाच्या आडव्या फांदीला किंवा कड्याला लटकणारी काळपट, अर्धगोल पोळी. शेकोटीचा धूर तिथवर गेला की माश्या उठतात आणि तेव्हा पळण्याशिवाय इलाज नसतो. हिवाळ्यात काठावरच्या झुडपांवर खाजकुयलीच्या तपकिरी मखमली शेंगा लटकतात. मुलांना त्या हमखास आवडतात. त्यांची कुसं अंगाला लागलीच तर चोळायचं नाही, चिकटपट्टीने ती उचलायची, मग पाण्याने धुवायचं. बिब्ब्याचं झाड कुठलं ते कॅम्पच्या माणसाला दाखवायला सांगा, त्याच्या रसाने फोड येतात.

शहापूर-तानसा आणि मुरबाडच्या जंगलाला लागून असलेल्या जागी एक कायद्याची बाब. राखीव वनात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार तिथे आग पेटवणं गुन्हा आहे. कॅम्प खासगी जमिनीवर आहे की वनजमिनीवर, आणि वनजमीन असेल तर परवानगी कोणाची, हे विचारायला संकोच वाटू नये. रात्री अकरा वाजता वनरक्षक आला तर तंबू तुमचा आवरला जातो, कॅम्पवाल्याचा नाही. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखाली अशा व्यवसायांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. शेतावरच्या मुक्कामांसाठी २०२०चं कृषी पर्यटन धोरण आहे. नोंदणीपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा.

संडास, पाणी, वीज

कुटुंबाचा मुक्काम नदीवर नाही, संडासावर मोडतो. साधारण बारा-पंधरा माणसांमागे एक संडास हवा. कॅम्पवाला "पाच आहेत" म्हणाला तर लगेच विचारा, शनिवारी माणसं किती? शंभर माणसांना पाच संडास म्हणजे सकाळी सात वाजता रांग. तंबूपासून संडासापर्यंत दिवा आहे का, वाट सपाट आहे का, आतून कडी लागते का, कमोड किती आणि भारतीय बैठक किती, हे विचारा. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि कमोडचीच सवय असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला एकच सोय लागते. शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी विहिरीपासून निदान १५ मीटर दूर हवी. ती विहिरीच्या किंवा बोअरच्या शेजारी दिसली तर तिथलं पाणी प्यायचं नाही.

पाण्याचा हिशोब असा. चार माणसांना एका रात्रीसाठी पिण्याचं १२ लिटर धरा, दूध-चहा-भाताला आणखी ५ ते ८. म्हणजे वीस लिटरचा एक जार घरून गाडीत टाकला की प्रश्न मिटला. लोकलने जाणाऱ्यांनी बोअरचं पाणी खळखळून एक मिनिट उकळून घ्यावं. नदीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी चूळही भरू नये, वर गुरं बसतात.

गरम पाण्यासाठी बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावलेला असेल आणि खिडकी नसेल, तर तिथे मुलांना आंघोळ घालू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चुलीवर तापवलेलं बादलीभर पाणी केव्हाही बरं. त्याच कारणाने थंडीत तंबूत शेगडी, निखाऱ्याचं घमेलं किंवा गॅसची बत्ती न्यायची नाही. शेकोटी तंबूपासून पंधरा-वीस फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. पॉलिस्टरला ठिणगीने क्षणात भोक पडतं.

झाडांवर टांगलेल्या दिव्यांच्या वायरी बघा. चिकटपट्टी गुंडाळलेले जोड मुलांच्या हाताच्या उंचीवर किंवा ओल्या जमिनीवर असतील तर काढायला लावा, आणि मेन बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह आपोआप तोडणारा स्विच, आहे का तेही विचारा. "नदीकाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक जागांना पोहण्याचा तलावही असतो. त्याला कुंपण आणि फाटक नसेल तर तीन-चार वर्षांच्या मुलासाठी नदीपेक्षा तोच धोक्याचा.

शेजारी कोण

हा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत आणि रात्रभर जागतात. शनिवारी कॅम्पवर ऑफिसचे गट आणि वाढदिवसाच्या पार्ट्या असतात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे, पण नदीच्या खोऱ्यात आवाज घुमतो आणि दहा वाजता कोणी घड्याळ बघत नाही. बुकिंग करतानाच विचारा: त्या रात्री एकूण किती तंबू, त्यातली कुटुंबं किती, संगीत किती वाजता बंद, दारू कुठे चालते. कुटुंबांचे तंबू वेगळ्या बाजूला असतील तरच घ्या. शक्य असेल तर रविवारी जाऊन सोमवारी परत या. कॅम्प रिकामा असतो, भावही बऱ्याचदा उतरतो, आणि रविवारी संध्याकाळी कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा पनवेलच्या तोंडाशी अडकायची वेळ येत नाही. शाळा बुडते, हे खरं.

दवाखाना किती लांब

साप, विंचू आणि कुत्रा, या तीन गोष्टींसाठी हे आधीच ठरवून ठेवा. सर्पदंशावरचं प्रतिविष, म्हणजे अँटी-स्नेक व्हेनम, साधारणपणे सरकारी रुग्णालयात मिळतं. कर्जत, शहापूर आणि मुरबाडला सरकारी रुग्णालय आहे. कॅम्पपासून तिथवर रात्री किती वेळ लागतो ते नकाशावर मोजा. पाऊण तासापेक्षा जास्त असेल तर लहान मुलांबरोबर ती जागा टाळलेली बरी. जाण्याआधी रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा.

मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश बऱ्याचदा जाणवतही नाही. म्हणून उघड्या मांडवाखाली गादी टाकून झोपायचं नाही. तंबूची चेन पूर्ण लावायची, चेन तुटकी असेल तर तंबू बदलून घ्यायचा. बूट सकाळी उलटे करून झटकायचे. दंश झालाच तर करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काही नाही. अवयव हलू न देता १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय. कोकणपट्ट्यातल्या लाल विंचवाचा दंश मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि मृत्यू खूप घटले, पण औषध वेळेत मिळालं तरच. घाम फुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. कॅम्पवरचं कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

बिबट्या या सगळ्या पट्ट्यात आहे. उष्टं-खरकटं उघड्यावर टाकणाऱ्या कॅम्पवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. कचऱ्याचे डबे झाकणाचे आहेत का ते बघा. अंधार पडल्यावर मूल संडासालाही एकटं जाणार नाही. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

फोनला रेंज कुठल्या कंपनीची येते तेही विचारा. कड्यांच्या कुशीत अनेक जागी एकाच कंपनीची जेमतेम रेंज येते, तीही एका विशिष्ट झाडाखाली.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

चार वाजण्याआधी पोहोचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खोऱ्यात त्याआधीच काळोख दाटतो. पिशव्या गाडीतच ठेवा, आधी फेरी मारा. फांद्यांतला कचरा, काठाची उंची, ओढा, संडास, वायरी. तंबूची चेन वर-खाली करून बघा. "चार जणांचा" तंबू प्रत्यक्षात दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं यांनाच पुरतो, पिशव्या बाहेर. खाली घातलेलं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा मोठं असेल तर कडा आत दुमडायला सांगा, नाहीतर दव आणि पाऊस त्यावर साचून आत शिरतो.

मग नदी. आधी मोठ्या माणसाने काठी टेकत उतरायचं. उल्हास आणि काळूच्या पात्रात वाळू उपशाचे जुने खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून एका पावलात छातीभर पाण्यात जायला होतं. वर शेवाळ असेल तर चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल हवी. प्रवाह मोजायला काठाने दहा मोठी पावलं टाका, वरच्या टोकाला वाळलेलं पान सोडा आणि सेकंद मोजा. पान पंधरा सेकंदांच्या आत खालच्या टोकाला पोहोचलं तर मुलांसाठी ओढ जास्त आहे. संथ असेल तरी पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंतच, आणि मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या बाजूला उभं राहायचं, वरच्या नाही. कॅम्पचं लाइफ जॅकेट मुलाला घालून दोन्ही खांद्यांवरून वर उचला. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. लहान मापाचं, पायांमधून पट्टा असलेलं नसेल तर मूल पाण्यात उतरणार नाही. हवा भरायच्या रबरी रिंगा आणि बदकं घरीच ठेवा, प्रवाहात त्या मुलाला घेऊन जातात.

शेवटी काठाच्या बऱ्याच आधी एक खूण ठरवा, एखादा उंबर किंवा मोठा दगड, आणि मुलांना हात लावून दाखवा: मोठ्या माणसाशिवाय याच्या पुढे नाही. दिवसा एक आणि रात्री एक, असा नदीकडे लक्ष ठेवणारा मोठा माणूस नावानिशी ठरवा. सगळ्यांचं लक्ष असतं तेव्हा कोणाचंच नसतं. एवढं झालं की मग पिशव्या उतरवा आणि चहाचं विचारा.